माथेरानचं गळकं हॉटेल : खरं लिहू की गप्प बसू?

केतकी_ठाणे

मंडळी, जरा सल्ला हवाय.

जून संपता संपता आम्ही चौघं (मी, नवरा, आई, बाबा) माथेरानला दोन रात्री राहून आलो. आईबाबा लग्नानंतर १९७८ साली ज्या हॉटेलात उतरले होते, तेच मुद्दाम शोधून काढलं. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कृपया लिहू नये.

दस्तुरीला (मोटारी तिथवरच जातात) गाडी लावली, अमन लॉजपासून छोट्या रेल्वेची शटल धरली, मग लाल चिखलातून चालत. फाटकातून आत शिरल्याबरोबर बाबा थेट व्हरांड्यात गेले आणि एका लांब हातांच्या आरामखुर्चीत बसून त्या हातांवर पाय पसरले. "हीच," म्हणाले. आई म्हणाली, "पाय काढा, लोक बघतायत." इथपर्यंत सगळं गोड.

खोली भलीमोठी, छत उंच, पण भिंतीला कमरेपर्यंत ओल. रंगाचे पोपडे हाताला येत होते. कपाट उघडलं की कुबट वास यायचा, म्हणून दोन दिवस कपडे खुर्चीवरच ठेवले. गिझरमधून एक बादली गरम पाणी आलं की पुढचं गार. न्हाणीघराला मागच्या बाजूनं आणखी एक दार, बाहेरून कुलूपबंद, फटीतून वारा.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास बाबांच्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. दिवे गेलेले. नवरा जाऊन कुणाला तरी उठवून आला. हॉटेलातले जुने नोकर, साठी उलटलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते बादली घेऊन आले. बॅटरी नाही, काही नाही. अंधारातच चार पावलं चालले, पलंग हातभर सरकवला आणि बादली बरोब्बर धारेखाली ठेवली. मग खांद्यावरचा टॉवेल घडी करून बादलीच्या तळाशी घातला. "टपटप ऐकू येणार नाही आता, झोपा," म्हणाले आणि गेले.

खरंच आवाज आला नाही.

भाडं एका खोलीचं रात्रीला साडेसहा हजार, जेवण धरून. जेवण उत्तम होतं, कटलेट आणि कॅरमल कस्टर्ड तर आईनं दोनदा मागून खाल्लं.

आता बुकिंग केलं त्या संकेतस्थळावरून रोज निरोप येतोय, तुमचा अनुभव लिहा, तारे द्या. खरं लिहिलं तर आहेत ती गिऱ्हाइकं तुटतील, आणि मग कुणीतरी ती जागा घेऊन तिथे काचेची इमारत आणि जलतरण तलाव करेल. नाही लिहिलं तर पुढच्या माणसाच्या कपाळावर थेंब. तुम्ही काय केलं असतं?

रोखठोक_राजू

एक तारा. विषय संपला. साडेसहा हजारात कोरडी गादी मिळायला हवी, ही काय अवाजवी अपेक्षा आहे का? पडक्या भिंतीला 'वारसा' म्हटलं की भाडं दुप्पट करता येतं, हा नवीन धंदा झालाय.

चिंगी

तो टॉवेल!!! मामांना पाच तारे माझ्याकडून.

रोखठोक_राजू

@चिंगी, मामांना अंधारात बादलीची जागा पाठ आहे याचा अर्थ काय होतो? ती खोली कित्येक पावसाळे गळतेय आणि हॉटेलवाल्यांना ते माहीत आहे. तरी दिलीच ना गिऱ्हाइकाला?

चिंगी

ओह. हे लक्षातच नाही आलं. :(

जाड्या_भरड्या

चहा टाकून बसलोय. चालू द्या.

अनिवासी_पंत

छान लिहिलंय. माथेरान म्हटलं की ती ब्रिटिशांनी बांधलेली झुकझुक गाडी आठवते. आमच्या लहानपणी वाफेचं इंजिन होतं. इथे परदेशात जुन्या इमारती किती जपतात, आपल्याकडे मात्र...

नेरळकर

पंत, गाडी ब्रिटिश सरकारनं नाही बांधली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं स्वतःच्या पैशातून बांधली, १९०७ साली सुरू झाली. नेरळपासून एकवीस किलोमीटर, दोन फुटी रूळ. दर पावसाळ्यात नेरळची फेरी बंद असते, वरची शटल तेवढी चालते. २०१९ च्या पावसात मार्ग इतका खचला की नेरळहून गाडी पुन्हा धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

आता मूळ प्रश्न. मी पायथ्याशी राहतो, बांधकामाचं सामान पुरवायचा आमचा व्यवसाय होता, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही, हे पर्यटकाला छान वाटतं. पण सिमेंटची गोणी, वाळू, कौलं, संडासचं भांडं, गादी, सगळं तिथून पुढे घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. वाळू घोड्यावर लादताना बघितलीय का कुणी? दोन बाजूंना दोन गोण्या, मध्ये चढ, वर पाऊस. खाली जे काम चार दिवसांत उरकतं त्याला वर महिना लागतो. कारागीर रोज वर-खाली करणार नाही, त्याला तिथेच ठेवायचं, जेवू घालायचं. त्यातून काम करायला मिळतात ते दिवस कोणते? जून ते सप्टेंबर पाऊस, दिवाळीला गर्दी, नाताळला गर्दी, मे महिन्यात गर्दी. उरलं काय?

आणि २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर बंधनं आहेत, ती असायलाच हवीत, नाहीतर एव्हाना डोंगराचा पार लोणावळा झाला असता. पण कागद फिरवायला माणूस लागतो, आणि जुन्या हॉटेलांचे मालक बरेचदा सात-आठ वारस. एक दुबईत, एक दादरला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कौलं बदलायची सही कोण करणार?

रोखठोक_राजू

सगळं मान्य. पण नेरळकर, मी भाडं वारसांच्या भांडणाचं देत नाही, खोलीचं देतो.

नेरळकर

ते बाकी खरं.

विटकर

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे राहवत नाही. प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी.

केतकी, तू लिहिलंस 'कमरेपर्यंत ओल'. छपराचं पाणी वरून येतं. कमरेपर्यंतची ओल जमिनीतून वर चढते. म्हणजे दुखणी दोन आहेत, आणि माझा अंदाज, दुसरं दुखणं दुरुस्तीनंच आणलेलं असणार. तिकडच्या जुन्या भिंती जांभ्याच्या, जोडणी चुन्याची. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो. मग कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारतं आणि त्यावर चकचकीत रंग. भिंतीत शिरलेलं पाणी आता बाहेर पडणार कुठून? ते सिमेंटच्या मागे वर वर चढतं, सोबत क्षार आणतं, लोणा लागतो, पोपडे सुटतात. मालक म्हणतो भिंत खराब झाली, आणखी एक हात सिमेंटचा. माणसाला रेनकोट घालून घामेजत झोपवावं, तसं आहे हे.

चुन्याचं काम महाग असतं असं नाही, सावकाश असतं. चुना भिजवून मुरवावा लागतो. आमच्याकडचे जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. आता तो गवंडी शोधण्यातच निम्मा वेळ जातो. एका कामावर सत्तरीचे आजोबा मिळाले. त्यांनी चुन्याचा गोळा अंगठ्यानं दाबला, जिभेला टेकवून पाहिला आणि म्हणाले, "अजून आठ दिवस." ठेकेदार कपाळाला हात लावून बसला.

छपराचं म्हणाल तर मंगलोरी कौलाला काही होत नाही. बासेल मिशनचा शिक्का असलेली, शंभरेक वर्षांपूर्वीची कौलं मी काढून, धुऊन पुन्हा बसवली आहेत. सडतात त्या खालच्या रिपा आणि वासे. दर उन्हाळ्यात कौलं चाळून घेतली, फुटकी बदलली, तर छप्पर माणसाच्या आयुष्याला पुरतं. ते एक वर्ष चुकलं की निळी ताडपत्री येते. आणि एकदा ताडपत्री आली की मग तीच राहते.

माळरान

विटकर, फार सुंदर प्रतिसाद. रेनकोट आवडला.

पण कौलं फुटतात ती माकडांमुळे हे राहिलं. माथेरानला तर विचारू नका.

जाड्या_भरड्या

माकडांवरून. आमच्या खोलीत एक महाशय खिडकीतून आले, टेबलावरचा चिवडा सोडला आणि बायकोची थायरॉइडची बाटली उचलून नेली. झाडावर बसून झाकण उघडलं. लहान मुलांना उघडता येत नाही असं झाकण होतं ते.

चिंगी

मग माकडाचा थायरॉइड बरा झाला का?

जाड्या_भरड्या

पाठपुरावा नाही केला.

गिरगावकर_काका

अवांतर होतंय, पण जुनं हॉटेल आणि पशुपक्षी म्हटल्यावर राहवलं नाही. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. त्याचा अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, जहाजानं आणून १८६० च्या दशकात इथे जोडला. मार्क ट्वेन १८९६ साली मुंबईत आला तेव्हा तिथेच उतरला होता, आणि सज्जात येऊन बसणाऱ्या कावळ्यांवर त्यानं भरभरून लिहिलंय. म्हणजे जाड्याभाऊ, परंपरा जुनी आहे. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली, तीही तिथेच.

आणि आता? हॉटेल कधीच बंद पडलं, खोल्यांचे गाळे झाले. कोर्ट समोरच, त्यामुळे वकिलांची कचेऱ्या थाटायला गर्दी. मी स्वतः एका वकिलाकडे कुळकायद्याच्या कामासाठी जायचो. जिना चढताना कठड्याला हात लावायचा नाही, असं त्यांचा कारकून आधीच बजावायचा. २००५ साली सज्जे कोसळले, २०१९ ला माणसं बाहेर काढून इमारत रिकामी केली. जमशेदजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं. ताज १९०३ पासून उभं आहे आणि हे टेकू लावून.

विटकर

काका, बाकी सगळं बरोबर, पण जमशेदजींची ती गोष्ट दंतकथा म्हणूनच सांगावी. तिला पक्का पुरावा नाही.

गिरगावकर_काका

आमच्या वडिलांनी सांगितली होती.

विटकर

माझ्याही. :)

हावडा_ब्रिज

नोकरीनिमित्त कोलकात्यात आहे. इथलं ग्रेट ईस्टर्न हॉटेल घ्या. १८४० च्या सुमाराचं, एकेकाळी पूर्वेचं रत्न म्हणायचे. पुढे डबघाईला आलं, सरकारनं चालवायला घेतलं, २००५ साली विकलं. नव्या मालकांना पुन्हा दार उघडायला २०१३ उजाडलं. आता चकाचक आहे, मी एकदा चहा पिऊन आलो. पण आमच्या कचेरीतले एक बंगाली गृहस्थ तिथे पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, आमच्या वेळची बेकरी आता तशी कुठे राहिली? म्हणजे दुरुस्त नाही केलं तरी लोक रडतात, केलं तरी रडतात.

आबोली

केतकी, न्हाणीघराचं ते मागचं दार कशासाठी होतं? आम्ही महाबळेश्वरला एका जुन्या बंगल्यात राहिलो तिथेही होतं. मुलांना सांगितलं भुताचं दार आहे.

कोरा_कागद

भुताचं नाही. नळाचे संडास नव्हते तेव्हा खोलीत डब्याचे संडास असायचे. सफाई करणाऱ्या माणसानं पाहुण्यांच्या खोलीतून यायचं नाही, व्हरांड्यातून यायचं नाही, कुणाला दिसायचंच नाही, म्हणून मागून दार. डबा उचलायचा आणि मागच्या मागे निघून जायचं.

माझे आजोबा अशा दारानं ये-जा करायचे. कुठल्या डोंगरावर ते लिहीत नाही. त्यांनी त्या हॉटेलात पस्तीस वर्षं काम केलं आणि पुढचा व्हरांडा आतून कधी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर वडिलांनी त्यांना मुद्दाम तिथे जेवायला नेलं. सूप मागवलं. आजोबा म्हणाले, पुचाट आहे.

वर वारसा, जपणूक वगैरे चाललंय ते वाचतोय. विरोध नाही. फक्त इमारत दुरुस्त कराल तेव्हा ते दार भिंतीत बुजवून टाकू नका. असू दे. आणि मुलं विचारतील तेव्हा खरं सांगा.

आबोली

सांगते आजच. धन्यवाद.

विटकर

कोरा_कागद, मी दोन कामांत अशी दारं बुजवायला सांगितली आहेत. वारा येतो म्हणून. यापुढे नाही.

रोखठोक_राजू

'पुचाट आहे.' आजोबांना नमस्कार. धाग्यातला सगळ्यात नेमका अभिप्राय त्यांचाच.

फिरस्ती_मीना

मी वीस वर्षं हॉटेल व्यवसायात होते, शेवटची काही स्वागतकक्षात. केतकी, थोडं कामाचं बोलते.

आधी हॉटेलला फोन कर. व्यवस्थापकाला नको, तो 'हो मॅडम' म्हणेल. मालकांपैकी जो हिशेब बघतो त्याला गाठ. फोनवर 'अनुभव वाईट होता' असं म्हणू नकोस. अमुक खोलीत, अमुक तारखेला, पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला गळतं, असं सांग. गिऱ्हाईक चिडून बोलतं तेव्हा आम्ही ऐकत नाही. जागा दाखवून बोललं की ऐकावं लागतं.

मग परीक्षण लिही, गप्प बसू नकोस. 'हॉटेल जुनाट आहे' असं लिहिलंस तर कुणालाच उपयोग नाही. पावसाळ्यात कोणत्या बाजूच्या खोल्या घेऊ नयेत ते लिही. गरम पाणी किती मिळतं ते लिही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती चालावं लागेल ते लिही. ज्याला चकचकीत हवंय तो येणार नाही आणि मागाहून शिव्याही देणार नाही. तुझ्या बाबांसारख्या माणसाला मात्र कळेल की खुर्ची अजून आहे. जुन्या हॉटेलांचा घात बहुतेकदा सुंदर फोटोंनी होतो, वाईट परीक्षणांनी नाही. फोटोत दाखवलं एक आणि गादीवर ओल, मग माणूस चिडतो.

आणि मामांचं नाव कौतुकानं लिहिताना जपून. 'छप्पर गळतं पण मामा चांगले आहेत' याचा काही मालक असा अर्थ काढतात की मामा आहेत तोवर छप्पर नको.

नेरळकर

शेवटचं वाक्य शंभर टक्के.

अनिवासी_पंत

परदेशात मात्र अशी हॉटेलं...

जाड्या_भरड्या

पंत, तुमच्या इकडच्या मोटेलात मला गेल्या वर्षी ढेकूण चावले. हलके घ्या.

माळरान

केतकीताई कुठे गायब? परीक्षण टाकलं का?

केतकी_ठाणे

आले आले. आईच्या मोतीबिंदूच्या गडबडीत होते. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले.

मीनाताईंचं ऐकून फोन केला. तीन फोन झाले तेव्हा कुठे हिशेब बघणारे गृहस्थ सापडले, वयस्कर, एकदम मृदू बोलणं. मी खोलीचा क्रमांक सांगितल्यावर म्हणाले, "पलंगाच्या डोक्याकडे ना?" म्हणजे राजूभाऊ, तुम्ही बरोबर होतात. त्यांना माहीत आहे. मी जरा आवाज चढवून विचारलं, मग दिलीत कशाला? तर म्हणाले, तुमच्या वडिलांनी फोनवर तीच खोली मागितली होती, आम्ही दुसरी देत होतो.

फोन ठेवून बाबांना विचारलं. बाबा पेपर वाचत होते, वाचतच राहिले. मग म्हणाले, हो, मागितली होती. १९७८ लाही ती खोली गळायची. मे महिना होता, वळीव आला आणि रात्री पलंग सरकवावा लागला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काही गळत नव्हती! तुम्ही खिडकी उघडी टाकली होती!" यावर आमच्या घरी गेले चार दिवस वाद चालू आहे. विटकर, यात तज्ज्ञ म्हणून तुमची साक्ष लागेल.

परीक्षण टाकलं. तीन तारे. लिहिलं ते असं :

"पावसाळ्यात मागच्या बाजूच्या खोल्या घेऊ नका, छत गळतं. भिंतींना ओल आहे, दमा असलेल्यांनी टाळावं. गरम पाणी एका वेळी एक बादली. स्थानकापासून चिखलातून चालावं लागतं, सामानाला हमाल मिळतो. जेवण घरच्यासारखं नाही, घरच्यापेक्षा चांगलं. व्हरांड्यातल्या खुर्च्या जुन्या आणि भक्कम आहेत. भाडं या स्थितीला जास्त आहे. छपराचं काम आधी करावं, रंगाचं नंतर."

मामांचं नाव लिहिलं नाही. दारांबद्दल फोनवर विचारलं, बुजवणार आहात का म्हणून. ते म्हणाले, कशाला बुजवू, पैसे कुठे आहेत?

दिवाळीनंतर कौलं चाळणार म्हणतात. बघू.

रोखठोक_राजू

तीन जरा जास्त झाले, पण मजकूर चोख. बाबांना माझा नमस्कार. स्वतः मागून गळकी खोली घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच ऐकलं.

विटकर

साक्ष : वळवाचा पाऊस वाऱ्यासोबत तिरका येतो, त्यामुळे कौलांखालूनही शिरतो आणि खिडकीतूनही. दोन्ही पक्षांनी समेट करावा.

केतकी_ठाणे

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे खिडकीच."

चिंगी

केतकी, खोलीचा क्रमांक व्यक्तिगत निरोपातून कळव ना. आमचं लग्नाचं दहावं वर्ष ऑगस्टमध्ये आहे. टॉवेल आम्ही घरून नेऊ.